गाडीला घरच्या घरी स्टॅबिलायझर बार बसवताना

परतवाड्याहून घाटांग, सेमाडोह आणि हरिसालमार्गे धारणीला जाणारा रस्ता मेळघाटाच्या डोंगरांतून सतत वळणे घेत जातो, तर अंजनगाव सुर्जीकडील माझ्या गावापासून परतवाड्यापर्यंतचा रस्ता काळ्या मातीवरून जातो. नोकरीमुळे हे दोन्ही रस्ते माझ्या वाट्याला आले आहेत आणि दोन्हींसाठी माझ्याकडे गाडी एकच आहे. ती उंच बांध्याची, शिडीसारख्या चेसिसवर उभारलेली जुनी डिझेल गाडी असून तिला पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे आहेत. घाटात वळण घेताना ती बाहेरच्या बाजूला इतकी कलत असे की मागे बसलेली माणसे दाराच्या वरची मूठ धरून बसत. पुढे कंपनीने बसवलेला २२ मिलिमीटर जाडीचा स्टॅबिलायझर बार होता, मागे मुळात काहीच नव्हते. पुढचा बार बदलून जाड बार टाकावा आणि मागेही एक बसवावा, असे मी ठरवले आणि ते काम घरीच केले. या कामाबद्दल आपल्या भागात बोलले जाते ते बहुतेक बारच्या जाडीबद्दल. माझ्या मते त्यात रस्त्याचा विचार आधी यायला हवा, म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

स्टॅबिलायझर बार म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाचा, दोन्ही टोकांना वळवलेला एक दांडा. त्याचा मधला भाग दोन बुशांमध्ये, म्हणजे रबरासारख्या पोकळ तुकड्यांमध्ये, चेसिसला धरलेला असतो आणि वळवलेली टोके लिंक रॉडमधून, म्हणजे जोडणाऱ्या छोट्या दांड्यांमधून, डाव्या व उजव्या चाकाच्या आर्मला जोडलेली असतात. दोन्ही चाके एकाच वेळी वर-खाली झाली, जसे गतिरोधकावरून सरळ जाताना होते, तर बार बुशांमध्ये नुसता फिरतो आणि त्याचा काही परिणाम जाणवत नाही. एक चाक वर आणि दुसरे खाली गेले की मात्र बारला पीळ पडतो आणि तो पीळ दोन्ही चाकांना पुन्हा एका पातळीत आणू पाहतो. वळणावर गाडी कलते तेव्हा नेमके हेच घडते, म्हणून बार कलणे कमी करतो. पण एकाच बाजूचे चाक खड्ड्यात गेले तरीही हेच घडते. जू खांद्यावर असलेल्या जोडीतला एक बैल खाचेत उतरला की दुसऱ्याच्या मानेलाही झटका बसतो, तसा एका चाकाचा धक्का बारमार्फत दुसऱ्या चाकाकडे आणि तिथून बसणाऱ्यांपर्यंत जातो.

आपल्याकडच्या रस्त्यांसाठी ही दुसरी बाजू फार महत्त्वाची आहे. पूर्णेच्या खोऱ्यातली भारी काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर केलेल्या रस्त्याचे डांबर चांगले असले तरी खालचा थर हलत राहतो, पृष्ठभागाला लाटा येतात आणि कडा खचतात. समोरून ट्रक किंवा ट्रॅक्टर आला की आपली डावी चाके त्या खचलेल्या कडेवर उतरवावी लागतात. म्हणजे घाटात जो ताठपणा हवासा वाटतो, तोच गावाजवळच्या रस्त्यावर प्रवाशांना डावीकडून उजवीकडे हलवतो. गाडी ज्या रस्त्यावर जास्त चालते, त्याच्याकडे पाहून बार निवडला पाहिजे, हे माझे मत आहे आणि पुढचा प्रत्येक निर्णय मी त्यावरून घेतला.

जाडीचा हिशेब सुरुवातीलाच समजून घ्यावा, कारण डोळ्यांना दिसणारा फरक फसवा असतो. भरीव बारचा ताठपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. २२ ऐवजी २५ मिलिमीटर म्हणजे फक्त तीन मिलिमीटरची वाढ, पण ताठपणा सुमारे दोन तृतीयांशाने वाढतो. विक्रेत्याकडे २८ मिलिमीटरचाही बार होता. तो मूळ बारच्या अडीचपटीहून अधिक ताठ ठरला असता. पोकळ बारचाही पर्याय असतो. बाहेरून २५ आणि आतून १९ मिलिमीटर असलेला पोकळ बार २२ मिलिमीटरच्या भरीव बारपेक्षा सुमारे ११ टक्केच अधिक ताठ असतो, मात्र वजनाला तो जवळपास निम्माच भरतो. त्यामुळे नुसता बाहेरचा व्यास विचारून दोन बारची तुलना करणे चुकीचे आहे. मी पुढे २५ मिलिमीटरचा भरीव बार आणि मागे २० मिलिमीटरचा बार निवडला. मागच्या बारच्या टोकांना लिंकसाठी दोन-दोन छिद्रे होती. टोकाकडच्या छिद्रात लिंक लावली की तरफेची लांबी वाढते आणि बार मऊ लागतो, आतल्या छिद्रात लावली की तो ताठ लागतो.

पुढचा आणि मागचा बार यांचे आपसातले प्रमाणही विचार करूनच ठरवावे लागते. वळणावर बाहेरच्या चाकांकडे सरकणारे एकूण वजन बारमुळे फारसे बदलत नाही, कारण ते गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधले अंतर, वेग आणि वळणाची त्रिज्या यांवर ठरते. बार बदलतो ती त्या वजनाची पुढच्या आणि मागच्या जोडीतली वाटणी. पुढचा बार अधिक ताठ असेल तर वेगात घेतलेल्या वळणावर गाडीचे तोंड बाहेर जाऊ पाहते आणि चालक सहजप्रवृत्तीने वेग कमी करून ते सावरू शकतो. मागचा बार अधिक ताठ असेल तर मागची चाके आधी पकड सोडतात आणि गाडीची शेपटी फिरते. पावसाळ्यात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी काळा चिखल डांबरावर आणलेला असतो आणि त्यावर पाणी पडले की तो साबणासारखा निसरडा होतो. अशा जागी शेपटी फिरलेली गाडी सावरणे सामान्य चालकाच्या हातातले नाही. म्हणून मागचा बार मी टोकाच्या, म्हणजे मऊ छिद्रावरच ठेवायचे ठरवले.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. जाड बार टाकल्यावर गाडी उलटत नाही, असा समज आपल्या भागात ऐकू येतो आणि तो धोकादायक आहे. उंच गाडीच्या टपावर संत्र्यांचे क्रेट किंवा पोती लादली की गुरुत्वमध्य आणखी वर जातो आणि तो खाली आणणे कोणत्याही बारला शक्य नसते. उलट, बारमुळे कलणे कमी झाल्याने चालकाला मिळणारी सूचनाही कमी होते आणि वेग नकळत वाढतो.

बार मागवण्याआधी मी जुना बार नीट तपासला. गाडीखाली साचलेला, विटेसारखा वाळलेला चिखल पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतल्यावर दिसले की मधल्या बुशांचे रबर फाटले होते आणि एका लिंक रॉडचा बॉल जॉइंट (गोळीवर फिरणारा सांधा) हाताने हलवला तरी खटखट वाजत होता. अशा स्थितीत मूळ बारसुद्धा आपले पूर्ण काम करत नाही. गावातील ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी सुचवल्यावरून मी प्रथम फक्त मूळ मापाचे नवे बुश आणि लिंक रॉड टाकून गाडी घाटात नेली. फरक स्पष्ट जाणवला. ज्यांची गाडी घाटात क्वचित जाते, त्यांनी येथेच थांबावे, असे मी आग्रहाने सांगेन. शॉकअप गळत नाहीत ना आणि टायरमधील हवा बरोबर आहे ना, हेही त्याच वेळी पाहावे. शॉकअप थकलेले असतील तर बार कितीही जाड टाकला तरी गाडीचे झुलणे थांबत नाही. माझे जाणे-येणे डोंगरातून नेहमीचे असल्याने मी पुढे गेलो. काढलेला बार आणि हे नवे बुश मात्र जपून ठेवले आहेत, कारण गाडी पूर्ववत करता येणे ही अशा कामातली एक मोठी सोय असते. बारचा उल्लेख नोंदणी प्रमाणपत्रात नसतो. तरीही मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ हे गाडीत केलेल्या बदलांविषयीच आहे, म्हणून मी विमा कंपनीला लेखी कळवून पोच घेतली.

पार्सल आल्यावर बसवण्याची घाई न करता प्रत्येक वस्तू मोजली. व्हर्नियरने बारचा व्यास तीन ठिकाणी पाहिला, जुना बार शेजारी ठेवून वळणांचा आकार पडताळला आणि नव्या बुशांचे आतले माप बारशी जुळते की नाही ते तपासले. जाड बारला जुन्या मापाचे बुश चालत नाहीत, म्हणून बुश बारसोबतच घ्यावे लागतात. बोल्टच्या माथ्यावर ८.८ हा आकडा आहे की नाही, तेही पाहिले. तो पोलादाची प्रत सांगतो आणि बाजारातील साध्या बोल्टला ती ताकद नसते.

जागेचा प्रश्न गावात शहरापेक्षा वेगळा असतो. अंगण मोठे असले तरी काळ्या मातीत जॅक रुततो आणि तिरका होतो, म्हणून मी सोयाबीन वाळवण्यासाठी केलेल्या सिमेंटच्या खळ्यावर गाडी घेतली. जमीन सपाट असण्याला येथे दुहेरी महत्त्व आहे. एक कारण सुरक्षिततेचे आणि दुसरे असे की गाडी तिरपी उभी असेल तर बारमध्ये आधीच पीळ राहतो. ज्या टोकाची चाके जमिनीवर राहणार होती त्यांना पुढून-मागून लाकडी ओट लावले, हँडब्रेक ओढला, गिअर टाकला आणि जॅकने उचललेली गाडी चेसिसखाली लोखंडी घोड्या लावून त्यांवर उतरवली. विटांच्या थरावर गाडी टेकवून खाली शिरण्याची रीत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. वीट भार पडल्यावर सूचना न देता फुटते, म्हणून ती रीत पूर्णपणे सोडली पाहिजे. केवळ जॅकच्या आधाराने खाली जाणेही तितकेच चुकीचे आहे. काम पहाटे सुरू केले, कारण एप्रिलमध्ये आपल्याकडे दहानंतर लोखंडाला हात लावणे कठीण होते.

मिस्त्री मदतीला आले होते. त्यांनी पहिलीच सूचना मोलाची केली. "सर, एकाच बाजूनं गाडी उचलसान तं हे लिंक निंगनार नाही. दोनही चाकं संगंच लोंबू द्या." त्याचे कारण वर आलेच आहे. एक चाक जमिनीवर आणि दुसरे लोंबते असेल तर बार पिळलेला असतो, बोल्ट छिद्रात आवळून बसतो आणि तो सुटताच बारचे टोक जोराने उसळते. त्या मार्गात हात किंवा तोंड असेल तर गंभीर इजा होऊ शकते. दोन्ही चाके सारखी लोंबत असली की बार मोकळा होतो आणि लिंक हाताने निघते.

नटांवर आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारे तेल मारले होते आणि आट्यांवरचा चिखल तारेच्या ब्रशने काढला होता. बॉल जॉइंटच्या लिंकमध्ये एक अडचण नेहमी येते. नट फिरवू लागलो की आतला स्टडही त्याच्याबरोबर फिरतो. स्टडच्या टोकाला षट्कोनी खाच असते, तिच्यात अ‍ॅलन की घालून स्टड धरावा आणि नट रिंग पान्याने सोडवावा. माझ्या गाडीत ब्रेकचा रबरी पाइप लिंकच्या अगदी जवळून जातो, म्हणून पाना सटकला तरी त्याला लागू नये अशा बेताने मध्ये जाड रबराचा तुकडा धरला. त्यानंतर मधल्या दोन क्लॅम्पचे बोल्ट काढले, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून जागा केली आणि जुना बार बाजूने बाहेर काढला.

नव्या बारचे बुश पॉलियुरेथेनचे होते. ते रबरापेक्षा टणक असल्याने बार क्लॅम्पमध्ये दबत नाही आणि लगेच काम सुरू करतो. पण रबराचा बुश थोडा पिळून हालचाल पचवतो, तर पॉलियुरेथेनमध्ये बार प्रत्यक्ष घासून फिरतो. म्हणून त्याच्या आतल्या बाजूला सिलिकॉन ग्रीस भरपूर लावावे लागते, नाहीतर तो चिरचिरतो. बेअरिंगसाठी घरात ठेवलेले साधे ग्रीस येथे वापरू नये. ज्या लिंकमध्ये रबराचे भाग असतात, तिथे पेट्रोलियमजन्य ग्रीसमुळे रबर फुगते आणि खराब होते.

बार जागेवर चढवताना एकही नट पूर्ण आवळू नये. क्लॅम्पचे बोल्ट हाताने लावले, बार डावी-उजवीकडे सरकवून दोन्ही टोकांचे चेसिसपासूनचे अंतर टेपने सारखे केले आणि मग लिंक जोडल्या. नायलॉनचे कडे असलेले जुने नट पुन्हा न वापरता नवे घेतले, कारण एकदा उघडल्यावर त्यांची पकड कमी होते. यानंतर गाडी चाकांवर खाली उतरवली, ओट तपासले आणि गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर उभी असताना खाली सरकून सर्व नट अखेरचे आवळले. या कामातली सर्वांत अधिक दुर्लक्षित पायरी हीच आहे, असे मला वाटते. चाके लोंबत असताना रबरी बुश असलेली लिंक आवळली, तर गाडी खाली येताच त्या रबराला कायमचा पीळ बसतो. ते सतत ताणात राहते आणि लवकर फाटते. उंच गाडीचा फायदा असा की चाके जमिनीवर असतानाही खाली काम करण्याएवढी जागा मिळते. आवळण्यासाठी टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोराने नट आवळता येणारा पाना, वापरला. ८.८ प्रतीच्या १० मिलिमीटर बोल्टला साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटर लागतात, पण लिंक आणि क्लॅम्पसाठी सोबतच्या पत्रकात दिलेला आकडाच प्रमाण मानावा. पान्याला पाइप जोडून अंगाचा जोर लावला की आटे ताणले जातात आणि तो बोल्ट पुढे कधीतरी रस्त्यावर तुटतो.

मागचा बार बसवणे अधिक विचाराचे काम होते, कारण तेथे कंपनीची कोणतीच तयारी नव्हती. या संचात बार मागच्या हाउसिंगला, म्हणजे मागच्या आसाच्या लोखंडी आवरणाला, यू-बोल्टच्या क्लॅम्पने धरला जातो आणि लिंक वर चेसिसला जातात. हाउसिंगवरून ब्रेकची धातूची नळी जाते. क्लॅम्प तिच्यावर किंचितही दाबला गेला तर परिणाम जीवघेणा होऊ शकतो, म्हणून क्लॅम्पची जागा ठरवताना नळीची पूर्ण वाट बोटाने चाचपून पाहिली. चेसिसवरच्या ब्रॅकेटसाठी असलेली छिद्रे वापरली. वेल्डिंग करण्याचा सल्ला मला दिला गेला होता, तो मी स्वीकारला नाही. चेसिसला चुकीच्या जागी उष्णता देणे तिची ताकद कमी करू शकते आणि मग बार काढून गाडी पूर्ववत करणेही शक्य राहत नाही. मागे दोन्ही लिंकची लांबी जुळवता येण्याजोगी होती. एक बाजू जोडल्यावर दुसऱ्या बाजूचा बोल्ट ठोकून न घालता अलगद आत गेला पाहिजे, इतकी लांबी जुळवली. बोल्ट जोर लावून घालावा लागला तर गाडी सरळ उभी असतानाही बारमध्ये पीळ राहतो आणि डावे व उजवे वळण सारखे लागत नाही.

सर्व आवळून झाल्यावर मोकळीक तपासली. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवले, मग पुढचे एक चाक लाकडी ठोकळ्यावर चढवून बार कोठे टायरला, नळीला किंवा सायलेन्सरला टेकतो का ते टॉर्चच्या उजेडात पाहिले, आणि तेच मागच्या विरुद्ध बाजूला केले. उभ्या गाडीत भरपूर दिसणारी जागा एक चाक वर गेल्यावर बरीच कमी होते.

गाडी प्रथम गावाच्या रस्त्यावर हळू चालवली, काही अंतरानंतर सर्व बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा पाहिले आणि मगच घाटात नेली. बदल पहिल्याच वळणांच्या मालिकेत जाणवला. एका वळणातून लगेच विरुद्ध वळणात जाताना गाडी पूर्वी एका बाजूकडून दुसरीकडे लोळत जाई आणि स्टिअरिंगला प्रतिसाद उशिरा मिळे. आता ती लवकर स्थिर होते आणि वळणाच्या मध्यावर स्टिअरिंग पुन्हा दुरुस्त करावे लागत नाही. मागे बसणाऱ्यांची मळमळ कमी झाली, याचे मला सर्वांत अधिक समाधान आहे.

गावाकडच्या रस्त्यावर अपेक्षेप्रमाणे थोडी किंमत मोजावी लागली. खचलेल्या कडेवर डावी चाके उतरली की गाडीचा वरचा भाग पूर्वीपेक्षा झटक्याने हलतो आणि मागच्या आसनावरील माझ्या आईला तो फरक लगेच कळला. त्यावर उपाय वेग कमी ठेवण्याचाच आहे. २८ मिलिमीटरचा बार घेतला असता तर हा रस्ता तिच्यासाठी असह्य झाला असता, याबद्दल मला शंका नाही. शेताच्या पांदणीत आणखी एक मर्यादा दिसते. एक चाक खोल चाकोरीत गेले की बारमुळे ते पुरेसे खाली उतरत नाही, त्याच्यावरचा भार कमी होतो आणि ते जागीच फिरू लागते. ओल्या दिवसांत पांदणीने जायचे असेल तेव्हा मी मागच्या बारच्या दोन्ही लिंक काढून बार वर बांधून ठेवतो. एकच लिंक काढून गाडी चालवू नये, कारण मोकळे टोक लोंबून नळीवर किंवा टायरवर आपटू शकते.

पावसाळा संपल्यावर बुशांमध्ये शिरलेली काळी माती धुऊन नवे सिलिकॉन ग्रीस भरावे लागते. माती आत राहिली तर ती वाळून कानसेसारखे काम करते आणि बारवरचा रंग खरवडून तेथे गंज धरतो. त्याच वेळी लिंकचे बॉल जॉइंट हाताने हलवून पाहावेत, त्यांवरचे रबरी टोपण फाटले असेल तर लिंक बदलावी आणि क्लॅम्पचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासावेत.